फकिराचें धान्य आणि उपनगरांतील जमीन

श्रीमंतांची संपत्ति काढून ती गरिबांत वांटल्यास देशाची सांपत्तिक स्थिति सुधारेल कीं बिघडेल, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा जेवणानंतरच्या गप्पांत निघतो आणि सुपारी संपण्यापूर्वीं मिटतो. एक पक्ष म्हणतो कीं, मूठभर लोकांच्या तिजोऱ्यांत पडून असलेला पैसा गरजवंतांच्या हातीं गेला तर बाजार चालता होईल, कारखान्यांस गिऱ्हाईक मिळेल, आणि अखेर सर्वांचेंच भलें होईल. दुसरा पक्ष म्हणतो कीं, ज्याच्यापाशीं भांडवल आहे त्यालाच उद्योग सुचतो; त्याचें भांडवल काढून घेतलें कीं उद्योगही गेला आणि वांटावयासही पुढल्या वर्षीं कांहीं उरलें नाहीं. दोन्ही पक्षांचें बोलणें ऐकतांना आम्हांस एक गोष्ट नेहमीं खटकते. 'श्रीमंत' हा शब्द उच्चारतांना बोट मलबार टेकडीकडे जातें आणि 'वांटणी' हा शब्द उच्चारतांना रशियाकडे. वस्तुतः ज्या अंधेरी-बोरिवलींत अथवा घाटकोपर-मुलुंडांत ही चर्चा चालते तेथें हा प्रयोग तीन-चार वेळां होऊन चुकला आहे. त्याचे परिणाम आपल्या खिडकींतून दिसतात. आणि त्यांपैकीं एका प्रयोगाचा लाभ तर चर्चा करणाऱ्यांच्या वडिलांनींच घेतलेला आहे.

मराठींत या प्रश्नाचा विचार ज्या ग्रंथानें सर्वांत धीटपणें केला तो अर्थशास्त्राचा ग्रंथ नव्हे. ती एक कादंबरी आहे, आणि तिचा कर्ता आमच्या उपनगरांतलाच. अण्णा भाऊ साठे यांचा जन्म १९२० सालीं वाटेगांवीं झाला. परंतु त्यांच्या आयुष्याचीं पुष्कळ वर्षें घाटकोपरच्या चिरागनगरांतील झोपडींत गेलीं, आणि १९६९ सालीं त्यांचा अंत झाला तो गोरेगांवास. त्यांची 'फकिरा' ही कादंबरी १९५९ सालीं प्रसिद्ध झाली. ती डॉ. आंबेडकरांच्या लेखणीस अर्पण केलेली आहे. राज्य सरकारचें पारितोषिक तिला मिळालें, तिच्यावरून चित्रपटही निघाला. तिच्याविषयीं लिहितांना आमचे टीकाकार बहुधा तिचा आवेश, तिची रांगडी भाषा आणि नायकाचें शौर्य यांची वाखाणणी करितात. कांहीं जण नायक फारच उजळ रंगविला आहे अशी तक्रारही करितात. परंतु या कादंबरींत एक सांपत्तिक सिद्धांत दडलेला आहे, आणि त्याची परीक्षा झालेली आमच्या वाचनांत नाहीं.

फकिरा दोन वस्तु लुटतो व वांटतो. आधीं तो धनवंताचें धान्य लुटतो. पुढें सरकारी खजिना. लेखक या दोन्ही कृति एकाच मापानें मोजतो आणि दोहोंसही सारखाच जयघोष करितो. आमच्या मतें त्या दोन अगदीं निराळ्या गोष्टी आहेत. रोगराई व उपासमार यांनीं गांव ग्रासलेला असतांना वाड्याच्या कोठारांत धान्य भरलेलें आहे, आणि वाड्याबाहेर माणसें मरत आहेत. तें धान्य कोठारांतून काढून भुकेल्याच्या चुलीवर ठेवल्यानें देशांतील धान्य एक मूठभरही कमी होत नाहीं. उलट पुढल्या पावसांत नांगर धरावयास जे हात लागतील ते हात वांचतात. येथें नीति आणि अर्थशास्त्र यांत कांहीं भांडण नाहीं. अमर्त्य सेन यांनीं १९८१ सालच्या आपल्या ग्रंथांत बंगालच्या १९४३ सालच्या दुष्काळावरून हेंच दाखवून दिलें कीं, धान्य मुळांत नसल्यामुळें माणसें मरतात असें नाहीं. तें विकत घेण्याची ऐपत नष्ट झाल्यामुळें मरतात. चिरागनगरच्या लेखकास हें बावीस वर्षें आधीं उमगलेलें होतें.

खजिन्याची गोष्ट मात्र वेगळी. नाणीं खातां येत नाहींत. ज्या मुलुखांत धान्याचाच तुटवडा आहे तेथें घरोघर रुपये वांटले तर, बाहेरून धान्याच्या गाड्या आल्याखेरीज, वाढतो तो धान्याचा भाव. शिवाय ज्याचें लुटलें तो स्वस्थ बसत नाहीं. कादंबरींतच इंग्रज सरकार निरपराध बायकापोरांना कोंडून ठेवतें, आणि त्यांच्या सुटकेसाठीं फकिरास स्वतः होऊन स्वाधीन व्हावें लागतें. लेखकानें हा शेवट शौर्याच्या रंगांत रंगविला आहे. आम्हांस त्यांतील करुण भाग निराळाच वाटतो. धान्य वांटून झालें, रुपये वांटून झाले, नायक गेला. परंतु ज्या जमिनींतून तें कोठार भरलें होतें ती जमीन ज्याची होती त्याचीच राहिली. पुढल्या सुगीस तें कोठार पुन्हा भरणार, आणि ज्यांनीं तें रिकामें केलें तेच लोक मजुरीनें तें भरणार. हें लेखकाच्या ध्यानीं आलें नसेल असें नव्हे. ते पक्के साम्यवादी होते. परंतु कादंबरीच्या वेगांत हा प्रश्न त्यांनीं मागें टाकला, आणि आमच्या मतें या थोर कृतीची एकमेव खरी उणीव तीच आहे.

आतां कादंबरी मिटून जमिनीकडे वळूं. कारण ज्या चिरागनगरांत ती लिहिली गेली तेथें धान्याच्या कोठारापेक्षां जमिनीचाच प्रश्न बिकट होता व आहे.

साष्टी बेटांतील जमिनीची मालकी मूळचीच विलक्षण. ईस्ट इंडिया कंपनीनें एकोणिसाव्या शतकांत गांवेंच्या गांवें कांहीं धनिक व्यापाऱ्यांस सवलतीनें दिलीं. फ्रामजी कावसजी यांची पवईची जहागीर हें त्यांतलें सुप्रसिद्ध उदाहरण, आणि विक्रोळीचा विस्तीर्ण मुलूखही याच मार्गानें खाजगी हातीं गेला. या जमिनींवर भात, गवत व ताड यांपलीकडे फारसें उत्पन्न नव्हतें. फ्रामजींनीं ऊंस, नीळ, रेशीम असे नाना प्रयोग केले हें त्यांस भूषणास्पदच. परंतु पुढें ज्या किंमतीनें या जमिनी सोन्याच्या झाल्या ती किंमत नांगरानें आलेली नव्हे. ती आगगाडीनें आणली, नळाच्या पाण्यानें आणली, गांवाकडून पोटासाठीं आलेल्या लक्षावधि लोकांनीं आणली. १९५० सालीं जोगेश्वरी-भांडुपपर्यंतचीं उपनगरें आणि १९५७ सालीं दहिसर-मुलुंडपर्यंतचीं गांवें महानगरपालिकेंत सामील झालीं. १९५१ च्या कायद्यानें साष्टींतील जहागिरींची सारामाफी गेली. जमिनींची वाढती किंमत मात्र मालकांकडेच राहिली.

अशा स्थितींत १७ फेब्रुवारी १९७६ रोजीं नागरी जमीन (कमाल धारणा व नियमन) कायदा आला. आमच्या तरुण वाचकांस याचें नांवही ठाऊक नसेल. त्यांच्या आजोबांस मात्र 'सीलिंग' एवढें म्हटलें कीं पुरे. मुंबईंत कोणासही ५०० चौरस मीटरपेक्षां अधिक मोकळी जमीन बाळगतां येऊं नये, जास्त असेल ती सरकारनें घ्यावी, आणि मूठभरांच्या हातीं एकवटलेली जमीन सर्वांच्या हितासाठीं वांटली जावी, असा त्याचा हेतु. हेतूंत नांव ठेवण्यासारखें कांहीं नव्हतें. मोबदला मात्र पाहावा. मोकळ्या जमिनीस दर चौरस मीटरला फार तर १० रुपये, आणि जमीन कितीही असो, एकूण २ लक्ष रुपयांहून अधिक नाहीं. त्यांतलाही अल्प भाग रोख. बाकीचे वीस वर्षांनीं वटणारे रोखे, ५ टक्के व्याजाचे. त्या काळींही अंधेरीस स्टेशनापासून मैलभर अंतरावर कोणी १० रुपयांस चौरस मीटरभर जमीन दिली नसती.

परिणाम जो व्हावयाचा तोच झाला. ज्याची जमीन जावयाची तो न्यायालयांत गेला. ज्याचा वशिला होता तो सरकारकडे गेला. कारण याच कायद्याच्या विसाव्या कलमांत, लोकहितासाठीं अथवा मालकास विशेष हाल होतात म्हणून, सूट देण्याची सत्ता सरकारनें आपल्या हातीं ठेविली होती. ज्या कायद्याचें एक कलम घेतें आणि दुसरें कलम सोडतें, त्या कायद्यांत सर्वांत मोलाची वस्तु जमीन राहत नाहीं; सोडण्याचा अधिकार हीच मोलाची वस्तु होते, आणि तिचा बाजार भरतो. कोठें कोठें या सुटीच्या बदल्यांत मालकांनीं दुर्बल घटकांसाठीं सदनिका बांधून द्यावयाच्या होत्या. कांहीं बांधल्या गेल्या, हें सांगणें न्यायाचें होईल. परंतु जी जमीन ना सुटली ना घेतली गेली, ती वर्षानुवर्षें तशीच पडून राहिली. मालकास ती विकतां येईना, तिच्यावर बांधतां येईना. आणि जी जमीन आज ना उद्यां जाणार तिची राखण पदरचे पैसे खर्चून कोण करील? पुष्कळ ठिकाणीं ती राखण न झाल्यामुळें तेथें झोपड्या उठल्या. म्हणजे जमीन गरिबांकडे गेली खरी, परंतु कायद्याच्या हातून नव्हे. आणि नळ, गटार, मालकीचा कागद यांपैकीं कांहींएक बरोबर न घेतां गेली. २००१ च्या शिरगणतींत बृहन्मुंबईचे शंभरांपैकीं चौपन्न रहिवासी झोपडपट्टींत मोजले गेले.

सबंध देशाचा हिशेब १९९९ सालीं, केंद्र सरकारनें हा कायदा मागें घेतला त्या वेळीं, बाहेर आला. अतिरिक्त म्हणून जाहीर झालेली जमीन सुमारे २ लक्ष २० हजार हेक्टर. प्रत्यक्ष ताब्यांत आलेली सुमारे १९ हजार हेक्टर. शंभरांत नऊही नाहीं. महाराष्ट्रानें मात्र तो कायदा आणखी आठ वर्षें जपला, आणि शहरांच्या सुधारणेसाठीं केंद्राकडून येणारें द्रव्य हवें असल्यास तो रद्द केला पाहिजे अशी अट पडल्यावर नोव्हेंबर २००७ मध्यें सोडला.

येथें दुसऱ्या पक्षास हर्ष होण्याचें कारण नाहीं. कायदा गेला कीं मोकळी जमीन बाजारांत येईल आणि घरें स्वस्त होतील, असें त्या पक्षाचे पंडित तीस वर्षें सांगत होते. कायदा गेला, जमिनीही सुटल्या, त्यांवर उंचच उंच इमारतीही उठल्या. घरांच्या किंमती उतरल्या काय? कारकुनाचा, शिक्षकाचा मुलगा आज विरारास किंवा बदलापुरास घर पाहतो. तात्पर्य, जमीन अडवून ठेवण्याचें कारण एकटा कायदा नव्हता. भाव चढतच जाणार अशी ज्यास खात्री आहे, आणि जमीन रिकामी ठेवण्याचा ज्यास कांहींच खर्च येत नाहीं, तो कायदा असो वा नसो, वाट पाहत बसतो.

न्यायासनासमोर या प्रश्नाचें जें मंथन झालें तेंही मराठी वाचकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. १९८१ सालीं भीमसिंगजी यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें हा कायदा, एक पोटकलम वगळून, बहुमतानें ग्राह्य धरला. पीठाचे अध्यक्ष सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड. आणि संपूर्ण कायदाच बाद ठरवावा असें ज्यांनीं लिहिलें ते तुळजापूरकर. अतिरिक्त जमीन घेऊन ती खाजगी उद्योगांसही देतां येईल अशी सोय कायद्यांत असतां यांत लोकहित तें कोठें, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता, आणि कायद्याचें पुढें जें झालें तें पाहतां त्यांची शंका अगदींच अनाठायीं होती असें म्हणवत नाहीं. त्रेचाळीस वर्षांनीं, ५ नोव्हेंबर २०२४ रोजीं, त्याच न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं मुंबईंतील जुन्या इमारतींच्या वादावरून असा निर्णय दिला कीं, प्रत्येक खाजगी मालमत्ता ही आपोआप समाजाची साधनसंपत्ति ठरत नाहीं. या पीठाचे अध्यक्ष धनंजय चंद्रचूड, यशवंतरावांचे चिरंजीव. पित्याच्या काळीं शासनाच्या हातीं जमीन गेली म्हणजे ती लोकांचीच झाली, असें मानण्याकडे कल होता. पुत्राच्या काळीं तो विश्वास उरला नव्हता. मधल्या काळांत काय घडलें, हें न्यायशास्त्रापेक्षां घाटकोपरच्या टेकडीवरून अधिक स्पष्ट दिसतें.

आतां आमच्या स्वतःच्या घरांत डोकावण्याची वेळ आली. १९४७ सालचा भाडेनियंत्रण कायदा ही देखील संपत्तीची वांटणीच होती. १९४० च्या सुमाराचीं भाडीं गोठवून टाकल्यामुळें घरमालकाचें उत्पन्न दरमहा थोडें थोडें करून भाडेकऱ्याकडे वळलें, आणि तें पन्नासांहून अधिक वर्षें वळत राहिलें. हा भाडेकरू कोण? पार्ल्याचा, मुलुंडचा, दादरचा पांढरपेशा. श्रीमंतांची संपत्ति वांटण्यास तात्त्विक विरोध करणारे कित्येक सद्गृहस्थ दोनआकडी भाड्याच्या जागेंत जन्मले, वाढले, आणि जागा सोडतांना पागडीचा हिस्सा घेऊन गेले. त्यांस कोणी समाजवादी म्हटलें नाहीं. याचें फळ काय झालें तें सर्वांस ठाऊक आहे. भाड्यानें देण्यासाठीं चाळ बांधणारा मनुष्यच नाहींसा झाला. ज्यांस जागा मिळाली होती त्यांस संरक्षण मिळालें. जे मागाहून आले त्यांस झोपडी. ही वांटणी श्रीमंतांकडून गरिबांकडे झाली असें मानणें चुकीचें आहे. जे नंतर आले त्यांच्याकडून ती जे आधीं आले त्यांच्याकडे झाली.

करांच्या मार्गानें झालेल्या वांटणीची कथा थोडक्यांत आटोपूं. मृतांच्या मालमत्तेवरील कर १९५३ सालीं आला. त्या वेळीं अर्थमंत्रिपदावर चिंतामणराव देशमुख होते. १९८५ सालीं तो रद्द झाला, कारण त्याचें उत्पन्न वर्षाला अवघें वीस कोटींच्या घरांत, आणि वसुलीचा खटाटोप त्या मानानें फार मोठा. संपत्तिकर १९५७ पासून २०१५ पर्यंत टिकला. २०१३-१४ सालीं सबंध देशांतून त्याची वसुली १,००८ कोटी रुपये झाली, म्हणजे दरडोई सुमारें आठ रुपये, एका वडापावाचेही पैसे नव्हेत. मिळकतीवरील कराचा सर्वांत वरचा दर १९७३-७४ सालीं शेंकडा ९७.७५ इतका होता. कागदावर. ज्यास शंभरांतले सवादोन रुपयेच उरणार, तो शंभर रुपये दाखवील असें मानणारा अर्थमंत्री फारच निष्पाप म्हटला पाहिजे.

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं, मग आपला कौल दुसऱ्या पक्षाकडे झाला. तसें नाहीं, कारण याच महाराष्ट्रांत, याच वर्षांत, वांटणीचा एक प्रयोग असा झाला कीं जो खरोखर फळास आला, आणि त्याचा पैसा मुख्यतः या उपनगरांतील पगारदारांनींच दिलेला आहे, जरी बहुतेकांस त्याची दादही नसली. १९७२-७३ च्या दुष्काळांत सरकारी कामांवर मे महिन्यांत सुमारे ५० लक्ष माणसें खडी फोडीत व माती वाहत होतीं. त्याच सुमारास वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून रोजगार हमी योजना निघाली; १९७७ सालीं तिचा कायदा झाला आणि १९७९ च्या जानेवारींत तो अंमलांत आला. जो काम मागेल त्यास सरकारनें काम दिलेंच पाहिजे, असा हक्क गरिबास देणारा तो कायदा. पैसा कोठून आणावयाचा? त्यासाठीं १९७५ पासून व्यवसायकर बसविण्यांत आला, आणि अशा करांतून जेवढें जमेल तेवढीच भर सरकारनें आपल्याकडून घालावी असें ठरलें. प्रारंभीं हा कर वर्षाला फार तर २५० रुपये होता. आतां तो फार तर २,५०० रुपये आहे. प्रत्येक चाकरमान्याच्या पगारपत्रकांत ती लहानशी ओळ असते; ती वाचून कपाळाला आठी घालण्यापलीकडे तिची चौकशी कोणी करीत नाहीं. त्या ओळींतून मराठवाड्यांतले पाझर तलाव, नालाबांध व विहिरी निघाल्या, आणि १९९० नंतर याच योजनेच्या जोडीनें कोंकणांत आंबा, देशावर डाळिंब व बोर यांच्या बागा उठल्या.

या योजनेंत दोष नव्हते असें नाहीं. मजुरी वेळेवर न मिळणें, हजेरीपटावर खोटीं नांवें चढणें, फोडलेली खडी रस्त्याची वाट पाहत पडणें, हें सर्व झालें. तरीही सीलिंगचा कायदा आणि हा कायदा शेजारीं शेजारीं ठेवून पाहावे. एकांत घ्यावयाचें तें इतकें मोठें कीं देणारा जिवावर उदार होऊन लढला. दुसऱ्यांत तें इतकें थोडें व ठरलेलें कीं देणाऱ्यास लढण्याचें सुचलेंही नाहीं. एकांत घेतलेली वस्तु सरकारी दप्तरांत अडकली. दुसऱ्यांत ती आठवड्याच्या बाजारीं ज्वारीच्या रूपानें बाहेर पडली, आणि तिच्या मोबदल्यांत बांध उभा राहिला. फकिरानें धान्य वांटलें तें ज्या न्यायानें योग्य ठरतें त्याच न्यायानें ही योजनाही योग्य ठरते. शिवाय फकिराला जें साधलें नाहीं तें हिनें थोडेंसें साधलें, तें असें कीं कांहीं भूमिहीनांच्या नव्हे तरी अल्पभूधारकांच्या जमिनीला पाणी मिळालें. २००५ सालीं सबंध देशासाठीं जो रोजगाराचा कायदा झाला तो याच वळणावर.

मग उपनगरांतील जमिनीचें काय करावयास हवें होतें? आमचें मत असें कीं, ती हिसकावून घेण्याऐवजीं तिच्या किंमतीवर दरवर्षीं सक्तीनें व चुकवितां न येईल असा कर बसवावयास हवा होता. अमेरिकन लेखक हेन्री जॉर्ज यानें १८७९ सालीं मांडलेला हा विचार जुनाच आहे. कारखाना लपवितां येतो, सोनें पुरतां येतें, मिळकत दुसऱ्याच्या नांवें दाखवितां येते. जमीन लपवितां येत नाहीं. रिकामी जमीन बाळगणें महाग पडूं लागलें म्हणजे मालक स्वतःच ती विकतो किंवा बांधतो, आणि त्यासाठीं कोणाही मंत्र्याच्या सहीची गरज पडत नाहीं. या करानें उद्योग बुडत नाहीं, कारण जमिनीची किंमत मालकाच्या उद्योगानें आलेलीच नसते. किंमत ठरविणाऱ्या अधिकाऱ्याचा हात ओला होईल, हा आक्षेप खरा आहे. परंतु हजार सुटींच्या अर्जांपेक्षां एक जाहीर दरपत्रक राखणें केव्हांही सोपें.

हा उपाय लोकप्रिय कां होत नाहीं, याचें उत्तर शोधण्यासाठीं मलबार टेकडीवर जावें लागत नाहीं. ज्या गृहस्थानें १९७० च्या दशकांत बोरिवलीस सोसायटींत कांहीं हजारांत जागा घेतली तो आज, दहा ते सहा कचेरी करून व काटकसरीनें राहून, कोट्यधीश झालेला आहे. काटकसरीचें श्रेय त्याचें. परंतु कोटीचें श्रेय त्याचें नव्हे. घाटकोपर-अंधेरी-वर्सोवा मेट्रो ८ जून २०१४ रोजीं सुरू झाली; तिच्या दोन्ही बाजूंच्या घरांच्या किंमतींत जी भर पडली ती तिकिट काढून उभ्यानें जाणाऱ्या मजुराच्या वांट्यास आली नाहीं, घरमालकाच्या आली. उलट २०२२ सालीं मुंबईंतील ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ताकर माफ झाला, आणि आम्हीं सर्वांनीं टाळ्या वाजविल्या. ज्यास स्वतःचें घर आहे त्यास माफी; जो दहा बाय दहाच्या खोलीचें भाडें भरतो त्यास कांहीं नाहीं. तेव्हां श्रीमंतांचें घ्यावें कीं न घ्यावें या वादांत आपण कोणत्या बाजूस उभे आहों, याची खातरजमा वाचकांनीं आपलें खरेदीखत काढून करून घ्यावी. आणि हें करतांना आपल्याच मुलामुलींचा विचार करावा. बापाच्या घराची किंमत वाढली म्हणून आनंद, आणि मुलास त्या गांवांत घर घेतां येत नाहीं म्हणून दुःख, अशीं दोन्हीं एकाच घरांत एकाच दिवशीं नांदतात.

राहतां राहिलें चिरागनगर. १९९५ पासून झोपडीवासीयांस मोफत घर देण्याची योजना सुरू झाली. चाळीस लक्ष लोकांस घरें देण्याचें आश्वासन तेव्हां दिलें गेलें होतें. घर प्रारंभीं २२५ चौरस फुटांचें, पुढें २६९, नंतर ३००. सरकारचा पैसा नाहीं; बांधकाम करणाऱ्यानें गरिबास फुकट बांधून द्यावें आणि त्याच जमिनीवर वरचे मजले श्रीमंतांस विकून खर्च भरून काढावा, अशी रचना. वांटणीचा हा प्रकार आम्हांस मोठा चमत्कारिक वाटतो, कारण यांत श्रीमंतांचें घर जितकें महाग तितकी गरिबाच्या घराची आशा अधिक. भाव उतरले कीं योजना ठप्प. दिलेलें आश्वासन आणि बांधलेलीं घरें यांतलें अंतर अद्याप फार मोठें आहे. तरीही सीलिंगच्या कायद्यानें ज्यांच्या हातीं कांहींच पडलें नाहीं अशा पुष्कळांस या मार्गानें पक्कें छप्पर व स्वतःच्या नांवाचा कागद मिळाला, हें नाकारणें अप्रामाणिकपणाचें होईल. चिरागनगरांत अण्णा भाऊंचें स्मारक उभारण्याची घोषणा सरकारनें केलेली आहे. त्या स्मारकांत 'फकिरा'ची प्रत कांचेच्या पेटींत ठेवली जाईलच. तिच्या शेजारीं त्या वस्तींतील जमिनीचा उतारा, पूर्वीं कोणाच्या नांवें होता व आतां कोणाच्या नांवें आहे तो, टांगून ठेवावा अशी आमची सूचना आहे. कूळकायद्यानें कोंकणांतील जमिनीचें काय झालें, हा या विषयाचा दुसरा अर्धा भाग होय. त्यावर आमच्या पुष्कळ वाचकांपाशीं वाडवडिलांचे कागद व मनांतली अढी दोन्हीं असतील. तो विषय पुढें केव्हां तरी स्वतंत्रपणें घेऊं.